दाराकडे ठेवलेले टोक

मुलुंड (पूर्व)
३ फेब्रुवारी २०२५

चि. गंधाली,

शिक्षकांच्या त्रैमासिकाच्या जानेवारी अंकात ‘आईची शांतता’ हा तुझा लेख वाचला. त्यात सात चुका आहेत. त्या भाषेच्या नाहीत. तुझी भाषा स्वच्छ आहे. ती मी शिकवली आहे. चुका वस्तुस्थितीच्या आहेत. तुझ्या आईविषयी छापलेला मजकूर चुकीचा राहू नये, एवढ्याच हेतूने पाच वर्षे आणि साडेचार महिन्यांनंतर हे पत्र लिहीत आहे.

पहिली चूक. आईने संकल्पनांची कार्डे ‘ड्रॉइंग पेपर कापून’ केली, असे तू लिहितेस. ती लग्नपत्रिकांची आहेत. शेजारपाजारच्या जुन्या पत्रिका मागून आणून ती त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत असे. ‘अपूर्णांक’ हे कार्ड उलटे केले, तर कोणा एका वधूवरांचा मुहूर्त आजही वाचता येतो.

दुसरी. ते वर्ष १९९१ नव्हे, १९८८. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, त्यामुळे ही चूक क्षम्य आहे.

तिसरी. ही पद्धत ‘वर्गात सुचली’ असे तू म्हणतेस. ती आपल्या स्वयंपाकघरात सुचली. एकाच शाळेत ती गणित शिकवीत असे आणि मी मराठी. त्या दिवशी मी सातवीच्या वह्या तपासत होतो. एका मुलीने व्याख्या लिहिली होती: ‘सर्वनाम म्हणजे मराठीतला क्ष.’ मी शून्य गुण दिले. नलिनीने कणकेच्या हातांनी ती वही माझ्यापुढून ओढून घेतली.

“अहो, हिला शून्य? अख्ख्या वर्गात हिलाच दोन्ही विषय कळलेत.”

“सर्वनामाला लिंग असते, वचन असते. क्षला नसते. तुलना सदोष आहे.”

“सगळंच जुळलं असतं तर ती एकच गोष्ट झाली असती ना? मग मधे दोरा बांधायची गरजच काय?”

दोरा हा शब्द त्या घरात तेव्हा प्रथम उच्चारला गेला. पुढच्या आठवड्यात तिने कार्डे लिहायला घेतली; गणिताची निळ्या शाईने, मराठीची लाल. मुलाने कोणतीही दोन कार्डे दोऱ्याने जोडायची आणि दोऱ्यावर नात्याची चिठ्ठी अडकवायची: ‘चा भाग’, ‘मुळे’, ‘च्या जागी’, ‘बरोबर’. चिठ्ठीवाचून दोरा बांधण्यास सक्त मनाई होती. कंस आणि गौण वाक्य यांच्यामध्ये एका मुलाने ‘आधी आतले सोडवा’ अशी स्वतःची चिठ्ठी लिहून लावल्याचे मला आठवते. गुणोत्तर आणि उपमा यांच्यातील दोरा तर दरवर्षी कोणी ना कोणी बांधीतच असे. मी वर्गाबाहेर थांबून त्या जोडण्या मनातल्या मनात तपाशीत असे. बहुतेक सदोष असत.

चौथी चूक मोठी आहे. ‘पक्षाघातानंतरचे सात महिने आई एक शब्दही बोलली नाही.’ हे खरे नाही. एक शब्द तिला उरला होता, आणि तो म्हणजे ‘अठरा’. चहा हवा असला तरी अठरा, पंखा बंद करायचा असला तरी अठरा. मी सुधारीत असे. “अठरा नव्हे, नलिनी. टॉवेल.” त्यावर ती माझ्याकडे पाहून, मठ्ठ विद्यार्थ्याला सांगावे तितक्या सावकाश, “अठ-रा,” असे म्हणे. तिची शुश्रूषा करायला येणाऱ्या शांताबाई तोंडाला पदर लावून हसत. मग नलिनीही हसे, तोंडाच्या एकाच बाजूने.

तेव्हा लेखाचे शीर्षकच चुकीचे आहे.

पाचवी, सहावी आणि सातवी चूक अनुक्रमे भेटी बंद होण्याविषयी, तुझ्या पुस्तकाविषयी आणि लेखाच्या शेवटच्या वाक्याविषयी आहे. त्यांबद्दल सवडीने लिहीन.

एक गोष्ट विषयाला सोडून. कार्डांची पेटी मी माळ्यावर ठेवली आहे. तरीही रोज दुपारी आईच्या पलंगावर एक पांढरा दोरा पडलेला असतो. मी तो गुंडाळून कपाटात ठेवतो. दुसऱ्या दुपारी तो पुन्हा तेथे असतो. घरात माझ्याखेरीज कोणी राहत नाही. मी याचा काही अर्थ लावीत नाही. केवळ नोंद करीत आहे.

तुझे वडील,
काशीराम पेडणेकर


११ फेब्रुवारी २०२५

चि. गंधाली,

तुझा निरोप फोनवर आला. पत्राचे उत्तर पत्रानेच द्यावे असा संकेत आहे, परंतु असो. तू लिहितेस:

“बाबा, लग्नपत्रिका की ड्रॉइंग पेपर, हे सांगायला तुम्हाला पाच वर्षं लागली? डॉक्टरांचं काय ते सरळ सांगा ना. आणि माझ्या शेवटच्या वाक्यात कसली आलीये चूक? ते माझ्या मनातलं आहे. तेही तपासणार का आता?”

ते वाक्य येथे पुन्हा उतरवतो: ‘आई माझ्यावर रागावूनच गेली का, हे मला आता कधीच कळणार नाही.’ ते तुला कळू शकते. त्यासाठीच क्रमाने सांगतो.

६ सप्टेंबर २०२२ रोजी आपण तिला रुग्णालयातून घरी आणले, म्हणजे मी आणले. निघताना डॉक्टर म्हणाले, “घरात गर्दी करू नका.” २५ तारखेच्या रविवारी तुझा फोन आला. मी तुला सांगितले की डॉक्टरांनी भेटी बंद केल्या आहेत, ती कोणाला ओळखत नाही आणि तुला पाहून तिला त्रास होईल. एका मुलीला गर्दी म्हणत नाहीत. शिवाय ती सर्वांना ओळखत होती. तू “बरं” म्हणालीस. पुढे दर रविवारी तू फोन करीत राहिलीस आणि दर रविवारी मी तेच सांगत राहिलो. माझे मुलुंड आणि तुझे बोरिवली यांच्यामध्ये नकाशात केवळ राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. त्या महिन्यांत मी ते पुष्कळ वाढवले.

३० ऑक्टोबरला तू न कळवता दारापर्यंत आलीस. मी दार अर्धेच उघडून “ती झोपली आहे,” असे म्हणालो. “मी बसते ना बाबा, उठेपर्यंत,” तू म्हणालीस. मी नको म्हणालो. ती झोपलेली नव्हती. दार लावून आत गेलो, तेव्हा ती उशीवरून मान उचलून दाराकडे पाहत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात वाचा-उपचार देणाऱ्या श्रुतिकाबाई आल्या. वयाने तुझ्याहून लहान. त्यांनी नलिनीला काही चित्रे दाखवली, काही वस्तू जोडायला लावल्या आणि मला बाहेर बोलावले.

“सर, यांना शब्द सापडत नाहीयेत, पण नाती बरोबर सापडतायत. शाळेतली ती कार्डं आहेत ना त्यांची? ती द्या त्यांना. आणि काय काय जोडतात ते रोज लिहून ठेवा. तपासायचं नाही हं. फक्त लिहायचं.”

मी वहीत तीन रकाने आखले: दिनांक, जोडणी, शेरा. शेऱ्याचा रकाना त्यांनी सांगितला नव्हता.

९ नोव्हेंबरला नलिनीने डाव्या हाताने निळे ‘क्ष’ आणि लाल ‘मुलगी’ ही कार्डे जोडली. दोऱ्यावर ‘बरोबर’ ही चिठ्ठी लावली. मी शेरा लिहिला: ‘चूक. पदे एका जातीची नाहीत.’ पुढचे सहा दिवस हीच जोडणी, हाच शेरा. १६ नोव्हेंबरला तिने त्याच दोऱ्याला पुढे ‘दार’ आणि ‘उघडणे’ ही कार्डे बांधली. शांताबाई लादी पुसत होत्या. त्या पलंगाशी थांबल्या.

“मास्तरानू, ह्येच्यार काय लिवलेला हा?”

मी वाचून दाखवले: क्ष, मुलगी, दार, उघडणे.

“मगे? बाईंका आपला चेडू व्हया. दार उघडूक सांगतत. माका अक्षर येणा नाय तरी कळला. तुमका कळाक नाय?”

“शांताबाई, याचे वाक्य होत नाही.”

“वाक्य घेवन काय करतलास?” असे म्हणून त्या बादली उचलून गेल्या. नलिनी माझ्याकडे पाहत होती.

मला कळले नाही. ही माझी चूक होती आणि मी ती मान्य करतो. आई तुला बोलावीत होती. ती रागावलेली नव्हती. तुझे शेवटचे वाक्य या माहितीच्या आधारे दुरुस्त करावेस.

दोरा आजही पलंगावर होता.

काशीराम पेडणेकर


२० फेब्रुवारी २०२५

चि. गंधाली,

तू दोनदा फोन केलास. मी उचलला नाही. बोललेले वाक्य खोडता येत नाही.

मागील पत्रात एक चूक आहे. ‘मला कळले नाही’ हे विधान खोटे आहे.

शांताबाई जी बोली बोलल्या, ती माझ्या आईची बोली. लालबागच्या खोलीत चौदा वर्षांचा होईपर्यंत मीही तीच बोलत होतो. बाबा गिरणीतून आले की त्यांच्याशी, भावंडांशी, सर्वांशी. शाळेत उत्तर देताना एकदा तोंडातून ती निघाली आणि वर्ग हसला. त्या दिवशी सोडली ती कायमची. त्यानंतर दुसऱ्याची वाक्ये तपासण्यातच माझे आयुष्य गेले. जो तपासतो त्याला कोणी हसत नाही. शांताबाईंचे प्रत्येक अक्षर मला कळले. नलिनीची जोडणी तर मला त्यांच्याही आधी, ९ नोव्हेंबरलाच कळली होती. शेरा मी समजूनच लिहिला होता.

१७ नोव्हेंबरला सकाळी, ती अंग पुसून घेत असताना, मी पेटीतून ‘मुलगी’ हे कार्ड काढून घेतले आणि शब्दकोशात ठेवले.

का, ते लिहितो. २०१९ साली शिक्षकांसाठी लिहिलेली तुझी मार्गदर्शिका छापायला जाण्याच्या बेतात होती. ती छापणाऱ्या संस्थेला मी पत्र लिहिले की ही पद्धत नलिनी पेडणेकर यांची असून लेखिकेने ती स्वतःच्या नावावर खपवली आहे. पाठवण्यापूर्वी ते मी तुझ्या आईला वाचून दाखवले. मजकूर निर्दोष आहे, असे ती म्हणेल अशी माझी अपेक्षा होती.

“अहो, मीच दिलंय तिला सगळं,” ती म्हणाली. “आणि तिनं त्यात स्वतःची भर घातलीय. तुम्ही वाचलंय तरी का तिचं पुस्तक?”

“दिले असेल, तर प्रस्तावनेत तसा उल्लेख हवा.”

“मग तिला सांगा, घाल म्हणून. संस्थेला काय लिहिताय? पोर आहे ती आपली. नका टाकू हे पत्र.”

मी ते पोस्टात टाकले. पुस्तक मी वाचलेले नव्हते. आठ दिवसांनी तू घरी येऊन उभ्या उभ्याच विचारलेस, “आईला माहितीये हे?” मी म्हणालो, “तिचेही हेच मत आहे.” ती गच्चीवरून वाळवण घेऊन खाली येईपर्यंत तू जिना उतरून गेली होतीस. पुढची तीन वर्षे तू तिचे फोन घेतले नाहीस. तिने माझ्या मताला दुजोरा दिला असे तू मानत होतीस, आणि मी तुला ते मानू दिले. मी तिच्या नावावर काय खपवले होते, हे तिला मी कधीच सांगितले नाही. तू का रागावलीस, याचा ती तीन वर्षे विचार करीत राहिली.

तू एक दुपार जरी तिच्या पलंगाशी बसली असतीस, तरी कार्डांवरून तुला सारे कळले असते. ते मला नको होते. आणखी एक कारण आहे. ते लिहिणे अधिक जड जाते. चौतीस वर्षे तिच्या जोडण्या मला सदोष वाटत आल्या. तू त्या एका दृष्टिक्षेपात वाचल्या असत्यास. अखेरीस ती फक्त माझ्याशीच बोलत होती, आणि ते मला दुसऱ्या कोणाला द्यायचे नव्हते.

१७ तारखेच्या दुपारी तिने पेटी दोनदा उपसली. लाल कार्डे एकेक करून उलटी केली. मग माझ्याकडे पाहून “अठरा” म्हणाली. प्रश्न होता. मी म्हणालो, “पुरे आता.” तिने ‘क्ष’ला दोरा बांधला आणि दुसरे टोक तसेच सोडून दिले. त्यावर कार्ड नाही, चिठ्ठी नाही. ते टोक तिने पलंगाच्या कडेवरून खाली, दाराच्या दिशेने सोडले. येताजाता पायांत येते म्हणून मी ते गोळा करून उशाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी शेरा लिहिला: ‘अपूर्ण’. आजार वाढला आहे, ती स्वतःचे नियमही विसरली आहे, असे मी श्रुतिकाबाईंना सांगितले. तसे मानणे सोयीचे होते.

मग गेल्या महिन्यात तुझा लेख आला. तिसऱ्या पानावर तू लिहिले आहेस की आईच्या पद्धतीत तू एकच भर घातलीस, मोकळ्या दोऱ्याची. ‘नातं आहे हे मुलाला जाणवतंय, पण कशाशी ते अजून सापडत नाहीये, अशा वेळी त्याने दोरा मोकळा सोडावा आणि टोक वर्गाच्या दाराकडे ठेवावं. म्हणजे आत येणारा प्रत्येक जण विचारेल, हा कोणासाठी?’

हा परिच्छेद मी अकरा वेळा वाचला. त्यात एकही चूक नाही.

तिचे शब्द गेले होते. परंतु तुझे पुस्तक तिने हस्तलिखितातच वाचले होते, आणि त्यातला नियम तिच्यापाशी शाबूत होता. त्या घरात ती तुझ्या भाषेत बोलत राहिली. ती भाषा येणारे माणूस दाराबाहेर उभे करून मी परत पाठवले होते.

पलंगावरचा दोरा मीच ठेवतो. सकाळी ठेवतो, टोक दाराकडे करून. दुपारी तो पाहून मी दचकतो, हेही खरे आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, ते मला सांगता येत नाही. आतल्या खोलीतून पुष्कळदा ‘अठरा’ असे ऐकू येते. मी आता सुधारीत नाही. “काय हवे?” असे विचारतो आणि उभा राहतो.

बाबा


२ मार्च २०२५

चि. गंधाली,

तुझा निरोप मिळाला: “वही आणि सगळी कार्डं न्यायला पुढच्या रविवारी येतेय. शब्दकोशातलंही काढून ठेवा. तुम्ही घरात असायलाच पाहिजे असं नाही.”

मी सकाळी नऊ ते दुपारी एक बाहेर राहीन. किल्ली खाली वॉचमन दशरथ यांच्याकडे ठेवतो. पेटी पलंगावर असेल आणि त्यात एकशे बेचाळीस कार्डे असतील; एकही कमी नाही. वहीतील शेऱ्याचा रकाना कापून टाकावा असे वाटले होते. कापलेला नाही. तो पाहण्याचा तुला अधिकार आहे.

लेख पुन्हा छापला जाईल, तेव्हा उपयोगी पडाव्यात म्हणून तारखा दुरुस्त करून देत आहे. जेथे माझे नाव यायला हवे, तेथे ते पूर्ण लिहावे.

जून १९८८ (लेखात १९९१): नलिनी पेडणेकर यांनी पहिली कार्डे तयार केली.

१४ सप्टेंबर २०१९ (लेखात ‘वर्षअखेरीस, मतभेदांमुळे’): काशीराम पेडणेकर यांनी संस्थेला पत्र पाठवून मार्गदर्शिका थांबवली. पत्रातील आरोप खोटा होता. नलिनी यांचा पत्रास विरोध होता.

१७ ऑगस्ट २०२२ (लेखात बरोबर): पक्षाघात.

२५ सप्टेंबर २०२२ (लेखात ‘डॉक्टरांच्या सांगण्यावरून’): काशीराम पेडणेकर यांनी मुलीच्या भेटी बंद केल्या. डॉक्टरांनी तसे सांगितले नव्हते.

३० ऑक्टोबर २०२२ (लेखात ‘आई झोपली होती’): आई जागी होती. तिने तुझा आवाज ऐकला.

९ नोव्हेंबर २०२२ (लेखात नाही): आईने तुला बोलावले.

१६ नोव्हेंबर २०२२ (लेखात नाही): आईने मला दार उघडायला सांगितले.

१७ नोव्हेंबर २०२२ ते ३ एप्रिल २०२३ (लेखात ‘शांतता’): आईने तुला बोलावले. एकूण दिवस एकशे अडतीस. तापाचे सहा दिवस वगळता रोज.

४ एप्रिल २०२३ (लेखात बरोबर): आई गेली. वेळ सकाळी सव्वादहा. वेळ तू लिहिलेली नाहीस, कारण मी तुला दुपारी दीड वाजता कळवले. मधल्या वेळात मी तिच्या डाव्या हाताच्या बोटांना गुंडाळलेला दोरा सोडवत होतो, तू येशील तेव्हा तो तुला दिसू नये म्हणून.